गोष्टींच्या बागेतलं कारंजं

लाइट गेलेच आहेत तर मोबाइल खाली ठेव, ऋचा. केयूर, तूही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. रंगनाथ दामले माझ्याबरोबर नोकरीला होता. हे त्याच्या बाबतीत खरंच घडलेलं, म्हणून सांगतो.

विश्रांतवाडीत त्याच्या सोसायटीसमोर मुलांसाठी बाग केली. ‘गोष्टींची बाग’ म्हणे! पाणी थुंकणारे सिमेंटचे बेडूक, गालगुंड झाल्यासारखी जलपरी आणि मधोमध एक खोटी विहीर, कठड्यावरून पाणी सांडणारी. रंगनाथ रोज गॅलरीतून उद्धार करायचा. “ही विहीर? हिच्यात बुडायचं तर आडवं पडावं लागेल!” बागेच्या समितीवर मात्र होता. नावं ठेवायला जवळ असलेलं बरं. किल्लीही त्याच्याकडेच.

गेल्या वर्षीची मार्गशीर्ष अमावस्या. शुक्रवार. संध्याकाळी बंद होणारी कारंजी साडेअकरा वाजले तरी चालूच.

“अहो, उद्या बघा,” सुनीतीवहिनी म्हणाल्या.

“आणि रात्रभर पाणी वाया घालवू? तो रखवालदार घोरत पडला असेल. दुसरं येतंय काय त्याला!”

टॉर्च घेऊन गेला. रखवालदाराची खुर्ची रिकामी. पंपाच्या खोलीचं कुलूप काढलं. आत बटण बंद होतं. पंपाला हात लावला, तर गारठलेला.

बाहेर बेडूक थुंकतच होते.

“भिकार काम,” तो मोठ्यानं म्हणाला.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. लहान मुलीचा.

“आजोबा, गोष्ट सांगा ना.”

“कोणाची गं तू? बाहेर ये आधी. आईबापांना अक्कल नाही का, या वेळी सोडायला?”

“गोष्ट सांगा ना...”

“मला येत नाहीत. रिकामटेकड्यांचे धंदे आहेत ते.”

कारंजी थांबली. सगळी. एकदम.

“मग मी सांगते. एक होते आजोबा. त्यांना काही म्हणजे काही आवडायचं नाही. एका रात्री ते टॉर्च घेऊन बागेत आले...”

रंगनाथनं विहिरीत टॉर्च मारला. गुडघाभर विहीर ती. उजेड खाली गेला... आणखी खाली... तळ लागेना.

“...आजोबांनी वाकून पाहिलं...”

तो वाकलेलाच होता.

“...आणि मग...”

तो पळत सुटला. चपला तिथेच. घरी आला, दार लावून घेतलं, कोपऱ्यात बसला. वहिनींनी विचारलं, काय झालं? काही नाही.

सकाळी वहिनींनी मला बोलावलं. मला मात्र त्यानं कोपऱ्यात बसूनच हे सगळं सांगितलं. मी बागेत गेलो. विहीर कोरडी. गुडघाभरच. तळाचं सिमेंट दोन वर्षांचं, दगडासारखं टणक.

त्यात पावलं उमटली होती. ओल्या सिमेंटात उमटावीत, तशी खोल. लहान मुलाची. शेजारी मोठ्या माणसाची, अनवाणी, बाहेर पडलेल्या रंगनाथच्या चपलांच्याच मापाची. कठड्यापासून मधोमध गेलेली.

परत येणारं एकही नव्हतं.