सावलीचं ताट

नागिसाला आईने पाठवलं ते एवढंच सांगायला, की जेवणाची ताटं तीन नकोत, चार हवीत. खोलीत काचेची एक पाटी होती, तिच्यावर बोट टेकवलं की खाली स्वयंपाकघरात निरोप पोचायचा. पण आईचा त्या पाटीवर विश्वास नव्हता. "माणसाला सांग," ती म्हणाली. "तोंडाने सांग. हे ताट कुणाचं, ते माणसालाच कळतं."

नागिसा निघाली. बाहेर संध्याकाळ होत आली होती आणि बर्फ असा पडत होता की अंगणातला दगडी दिवाही दिसेनासा झाला होता. खोलीबाहेरचा बोळ लांब होता. वर धुराने काळ्या झालेल्या जुन्या तुळया, पायाखाली गरम केलेली लाकडी जमीन, बाजूला राखाडी गुळगुळीत भिंत. दिवे जमिनीलगत बसवलेले. माणूस आला की पेटायचे, पुढे गेला की आपले आपण विझायचे. सगळं कसं उंची, अदबशीर, निःशब्द. असली सराय बाबांनाच सुचणार. बाबांना लाज कमी पडते, नियोजन कधी कमी पडत नाही. उद्या सकाळी खालच्या देवळात ते इत्सुकीदादाच्या नावाची पाटी बसवणार होते, मेलेल्यांच्या पाट्यांच्या रांगेत. आईने आरडाओरडा करू नये म्हणून आदल्या दिवशी ही सराय, गरम पाण्याचे झरे, खेकड्याचं जेवण. पोटच्या पोराला पुरायचं, पण नीट जेवूनखाऊन.

दादा मेला हे कुणी पाहिलं नव्हतं. बाबांनी एका हिवाळ्यात त्याच्या कानाखाली वाजवली, तो अंगातल्या लोकरी स्वेटरनिशी बर्फात चालता झाला, आणि परत आला नाही. बस्स. बाबांना आता वाट बघायचा कंटाळा आला होता.

नागिसा बोळाच्या मध्यावर आली तेव्हा पलीकडच्या वळणाशी दिवा लागला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. कुणीतरी समोरून चालत येत होतं, रमतगमत, आणि दिसत मात्र कुणीच नव्हतं. सवयीने ती भिंतीला टेकून उभी राहिली, वाट देतात तशी. उजेड तिच्या पायाशी आला... क्षणभर थांबला... आणि मागे त्यांच्या खोलीच्या दिशेने गेला. ओल्या लोकरीचा वास आला. आला तसा गेला.

दिवे बिघडलेत, ती स्वतःशी म्हणाली. नव्या वस्तू अशाच असतात.

खाली शिगेकोबाई होत्या, त्यांच्या खोलीची सरबराई बघणाऱ्या. नागिसा तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "चार ताटं ना? लावते हं. मघाशीच सांगून गेले."

"कोण सांगून गेलं?"

"तुमच्याकडचे ते, तरुणसे. बाई गं, किती भिजले होते! मी म्हटलं, आधी अंघोळ करा, जेवण कुठं पळून जात नाही." मग नागिसाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "का हो ताई... काही चुकलं का माझं?"

नागिसा पळतच पुरुषांच्या न्हाणीघरापाशी गेली. बाहेर एकही चप्पल नव्हती. आतून पाणी पडल्याचा आवाज मात्र येत होता. तिने हाक मारली, "दादा?" पाणी थांबलं. पुन्हा सुरू झालं नाही. एक म्हातारा पाहुणा टॉवेल खांद्यावर टाकून आला, तिच्याकडे संशयाने बघत आत गेला, आणि लगेच डोकं बाहेर काढून म्हणाला, "आत कुणी नाही, पोरी. कुणाला शोधतेस?"

ती तशीच मागे वळली.

खोलीत ती कुणाला काही बोलली नाही. बोलून काय करणार? आईला खुळी आशा लागली असती आणि बाबा हसले असते.

ताटं आली. चौथं आईने मोकळ्या आसनासमोर स्वतः सरळ केलं. आई किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली. पुरुष समुद्रावर गेले की घरात त्यांच्या नावाचं ताट वाढायचं, सावलीचं ताट. रश्श्याच्या वाटीचं झाकण उचलायचं. आतून थेंब आले असतील तर माणूस जिवंत आहे. झाकण कोरडं निघालं, तर बायका एकमेकींकडे बघत नसत.

आईने झाकण उचललं. थेंब होते, टपोरे.

"बघितलंत?" ती म्हणाली.

"गरम रश्श्यावर झाकण ठेवलं की थेंब येतातच," बाबा खेकड्याचा पाय फोडत म्हणाले. "शाळेतल्या पोरांना कळतं. नागिसा कॉलेज सोडून घरी बसली नसती तर तिनेही सांगितलं असतं तुला."

"पुढे शिकले असते तर तुमच्यासारखी झाले असते," नागिसा म्हणाली. "भ्यायले आणि सोडलं."

"जीभ सांभाळ, कार्टे."

"दादानेही सांभाळली नव्हती. मग काय केलंत?"

 बाबा उठले, मोकळ्या आसनापाशी गेले, तिथल्या जेवायच्या काड्या उचलल्या आणि भाताच्या वाटीत उभ्या खुपसल्या. मेलेल्या माणसाच्या उशाशी भात ठेवतात तसा.

"हे असं," ते म्हणाले. "आता संपलं. उद्यापासून ही थेरं बंद."

आईच्या घशातून आवाज आला, तो रडण्याचा नव्हता. नागिसाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने ते ताट उचललं, आपल्यासमोर आणलं, आणि आपलं न शिवलेलं ताट दादाच्या आसनासमोर सरकवलं.

"हे माझं. दादा माझं जेवेल."

"नागिसा, काड्या काढ आधी..." आई कुजबुजली. "त्यांनी जेवू नकोस, बाळ. दुसऱ्या मागव."

"का? गरम रश्श्यावर थेंब येतात तसं भातात काड्याही उभ्या राहतात. शाळेतल्या पोरांना कळतं." आणि बाबांच्या डोळ्यांत बघत तिने त्याच काड्यांनी तो भात शितन् शीत संपवला. इतरांच्या भातातून वाफा निघत होत्या. हा मात्र गार होता, हिवाळ्यात अंगणात विसरलेल्या भांड्यासारखा. ती बोलली नाही. बाबांना तेवढंच निमित्त हवं होतं.

रात्री काही झालं नाही. कुणी दार वाजवलं नाही, कुणी रडलं नाही. नागिसा मेल्यासारखी झोपली, असं आपण सहज म्हणतो, तशी.

सकाळी ती अंघोळीला निघाली. आभाळ बर्फाने भरलेलं, बोळात अजून अंधार. तिने पाऊल टाकलं. दिवा लागला नाही. दुसरं टाकलं. पाय दिव्यासमोर धरला, हलवला, वाकून हात दाखवला. काही नाही. तेवढ्यात समोरून शिगेकोबाई तबक घेऊन आल्या, आणि त्यांच्या पायाशी दिवे शहाण्यासारखे लागत आले. "दिवे बिघडलेत का हो?" नागिसाने विचारलं. शिगेकोबाई तबकावर नजर ठेवून तिच्या अगदी जवळून निघून गेल्या. हातात ओझं होतं, ऐकू गेलं नसेल. त्या गेल्यावर नागिसा पुन्हा अंधारात उभी होती.

ती अंघोळ न करताच परतली.

खोलीत न्याहारी मांडलेली होती. चार ताटं. शिगेकोबाईंनी चहा ओतला, बाबांना, आईला, आणि मोकळ्या आसनासमोर. किटली ठेवून नमस्कार करून गेल्या. नागिसाचा पेला तसाच राहिला. ती काही बोलणार तोच आईचा फोन वाजला.

आईने नंबर बघितला. अनोळखी होता. कानाला लावला, आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला की बाबांनीही काड्या खाली ठेवल्या.

"इत्सुकी," आई म्हणाली. "इत्सुकी... कुठून बोलतोस?"

तिने फोन स्पीकरवर टाकला. दादाचाच आवाज. खरखरीत, दमलेला. उत्तरेच्या कुठल्याशा बंदरात होता, महिनाभर दवाखान्यात. "वाचत नाही म्हणाले होते, आई. अन्न जात नव्हतं. काल संध्याकाळी काय झालं कळत नाही, एकदम पोट भरल्यासारखं वाटलं. खेकड्याची चव होती तोंडात. आज उठून बसलो. म्हटलं, फोन करावा."

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. त्यांना माफी मागता येत नव्हती, कधीच आली नव्हती. आता पाटीचं काय करायचं, ती तर कोरून झालीय, असं काहीतरी ते पुटपुटले.

"नागिसाशी बोल," आई हसत-रडत म्हणाली आणि फोन तिच्यापुढे धरला. "तुझ्यासाठी बाबांशी भांडली काल."

"दादा!" नागिसा म्हणाली. "अरे गाढवा, दादा!"

 पलीकडून दादा म्हणाला, "हॅलो? आई, कुणी बोलत नाहीये."

"अरे, बोलतेय मी!"

"हॅलो... लाइन गेली वाटतं."

आईने फोन मागे घेतला. "बर्फामुळे," ती म्हणाली. "डोंगरात असं होतं." पण तिचा स्वतःचा आवाज तर पोचत होता. तिने नागिसाकडे नीट पाहिलं. मग, फोन कानाशीच ठेवून, हात लांब करून तिने मोकळ्या आसनासमोरच्या वाटीचं झाकण उचललं. थेंब टपटप पडले. ते बाजूला ठेवून तिने नागिसाच्या वाटीचं झाकण उचललं.

रश्श्यातून वाफ उठत होती. झाकण आतून कोरडं होतं.

आईने ते चटकन परत ठेवलं, घट्ट दाबून, आणि बाबांना दिसणार नाही असा त्यावर तळहात ठेवला.

"गार झालं असेल," ती नागिसाकडे न बघता म्हणाली.