अकरा चाळीसची फाइल

हे खरंच घडलंय, आणि तेही भर दुपारी.

गेल्या ऑक्टोबरमधला शुक्रवार. वर्सोव्यात मच्छीमारांच्या एका सोसायटीचं ऑफिस आहे, खिडकीखाली खाडी. निलेश तिथला क्लार्क.

वादळाचा इशारा सर्व्हरवर फाइल म्हणून उतरायचा. निलेशने तो उघडायचा आणि स्पीकरवरून बंदरावर सांगायचा.

त्याच्या आठवडाभर आधी असाच इशारा आला होता. अकरा चाळीसला.

निलेश मोबाइलवर मॅच बघत होता.

एक वाजता लहू तांडेलची बोट सुटली.

निलेशने फाइल उघडली तेव्हा चार वाजले होते...

लहू परत आला नाही.

त्याच संध्याकाळी निलेशने फाइलवरची वेळ बदलून चार करून टाकली.

आणि या शुक्रवारी लहूची बायको, पुतळाबाई, ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"इशारा कवा आलेला रे पोरा?"

"चारला, मावशी."

ती मान हलवून गेली. निलेशला तिच्या पाठीकडेही बघवेना.

मग त्याला आठवलं... स्नॅपशॉट.

सर्व्हर दर तासाला सगळ्या फाइल्स जशा असतील तशा गोठवून ठेवतो. नुसता मजकूर नाही. फाइल कुणाच्या नावावर, शेवटची कधी बदलली, तेही. नंतर त्यात काही बदलता येत नाही. फक्त अख्खा स्नॅपशॉट पुसता येतो. पासवर्ड निलेशकडेच होता.

त्याने यादी उघडली.

त्या दिवशी बारा वाजताचा स्नॅपशॉट. वेळ, अकरा चाळीस. हे अपेक्षितच होतं.

पण त्याने वेळ बदलल्यानंतरच्या स्नॅपशॉटमध्येही... अकरा चाळीस.

आज सकाळच्यातही.

चालू फाइलवर मात्र चारच.

मग त्याची नजर शेजारच्या रकान्यात गेली. फाइल कुणाच्या नावावर? तिथे 'निलेश' असायला हवं होतं.

तिथे होतं... 'लहू'.

प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये.

लहू सहीच्या जागी अंगठा लावायचा. त्याचं लॉगिन असणार कुठून?

निलेशने सगळे स्नॅपशॉट निवडले. 'पुसायचे का?' असं स्क्रीनवर आलं. त्याचं बोट माउसवर गेलं...

खाडीतून इंजिनाची फटफट आली.

जवळ... आणखी जवळ... अगदी खिडकीखाली येऊन थांबली.

त्याने वाकून बघितलं.

खाली बोट नव्हती. पाणीसुद्धा हललेलं नव्हतं.

तो तसाच बाहेर पडला. पुतळाबाई घरामागे बोंबील वाळत घालत होती. त्याने सगळं सांगितलं. मॅच, अकरा चाळीस, बदललेली वेळ.

तिचे हात थांबले.

"मंग मघाशी चार का सांगितलंस?"

तिथून तो सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेला आणि तेच पुन्हा सांगितलं.

सोसायटीने त्याला काढलं. सर्व्हर तपासायला अनिरुद्ध नावाचा इंजिनियर आला होता. त्याने एकेक स्नॅपशॉट उघडला. बदलाआधीच्यात अकरा चाळीस, नंतरच्यात चार, आणि सगळीकडे नाव निलेशचं. निलेशने त्याला 'लहू' हे नाव शोधायला सांगितलं.

"लहू कोण?" त्याने विचारलं.

निलेश आता भांडुपला राहतो. ते नाव कुठून आलं, खाली काय येऊन थांबलं, हे त्याला आजही कळलेलं नाही.

पण एक गोष्ट तो मान खाली घालून सांगतो.

तो आवाज आला नसता, तर त्याने बटण दाबलं असतं.