उजवं पुढचं टायर

सुकेशनीचं एक पत्र माझ्याकडं सदतीस वर्षं पडून आहे. त्याला मी उत्तर दिलं नाही. प्रेमपत्र म्हणावं असा त्यात एकही शब्द नव्हता... निदान मला तरी दिसला नाही.

ती पहिल्यांदा भेटली शहाऐंशीच्या दुष्काळात, कॉलेजच्या ग्रंथालयात. मी तिथं कारकून, ती इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. ती काळ्याकुट्ट बोटांनी पुस्तक उघडणार, तोच मी चाचरलो, "बाई... हात..."

"ग्रीस आहे. आणि धुवायला पाणी कुठंय औरंगाबादेत?" ती म्हणाली. "तुम्ही पानं उलटा, मी वाचते."

मी पानं उलटली. शर्यतीच्या गाडीच्या सस्पेन्शनवरचं इंग्रजी पुस्तक होतं ते. एका वाक्यावर ती अडली, मी अर्थ सांगितला.

"तुम्ही वाचलंय हे? गाडी चालवता?"

"सायकल..."

ती हसली. "चालंल. उद्या वाळूजला या. लिहायला माणूस पाहिजे."

वाळूजकडं नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते झाले होते, कारखाने यायचे होते. त्या रिकाम्या डांबरावर झीशान एक जुनी फियाट पळवायचा. छावणीतल्या त्याच्या गॅरेजात त्यानं आणि सुकेशनीनं मिळून ती शर्यतीसाठी तयार केली होती. झीशान उंच, गॉगल लावणारा. आणि मी — देवगाव रंगारीहून येऊन सहा वर्षं झाली तरी रस्ता ओलांडताना घाबरणारा.

सुकेशनी टायरच्या कडेवर खडूच्या रेघा मारायची. पाच फेऱ्या झाल्या की रेघ कुठवर पुसली ते बघायची, मग टायरवरून तळहात फिरवायची. आतली कड, मध्य, बाहेरची कड... ती सांगायची, मी वहीत लिहायचो. टायर बाहेरून खात असेल, म्हणजे झिजत असेल, तर चाक वरून जरा आत झुकवायचं, आतून खात असेल तर सरळ करायचं. त्यासाठी लोखंडाच्या पातळ पत्र्या घालायच्या नाहीतर काढायच्या.

पण गाडी थांबली की ती आधी धावायची झीशानच्या खिडकीशी. वळणावर गाडी कशी वाटली, हे तो हातवारे करून सांगायचा. ती मान तिरपी करून ऐकायची. माझ्या वाट्याला आकडे. नेमकं तेव्हाच माझं अक्षर बिघडायचं.

एकदा म्हणाली, "हात द्या." माझा हात धरून तिनं गरम टायरवर ठेवला. "कसं लागतं?"

"असं फिरवलं तर गुळगुळीत... उलटं फिरवलं की टोचतंय."

"म्हंजे पुढची दोन चाकं एकमेकांकडं लई बघायला लागलीत. अशानं झिजतात."

"मग... बघायचंच नाही?"

"थोडं बघावं." तिनं अजून हात काढला नव्हता. "अजिबात नाय बघितलं, तर गाडी सरळ जात नाय."

"ओ मास्तर!" झीशान ओरडला. "टायर पढ रहे, की हात पढ रहे?"

ती खळखळून हसली — त्याच्या बोलण्यावर! मी हात ओढून घेतला. त्या दिवशी मी एकटाच बसस्टॉपपर्यंत चालत गेलो, आणि पुन्हा वाळूजला गेलो नाही.

परीक्षा संपली, तिला पुण्यात नोकरी लागली. महिन्यानं झीशानही पुण्याला गेल्याचं कळलं. आणि मग पत्र आलं —

"अजिनाथराव, उजवं पुढचं टायर. बाहेरची कड कोरी. मध्य ठीक. आतून खातंय. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाय. काय बदलू? लवकर कळवा. — सुकेशनी."

मी जळून गेलो. गाडी तिथंही पळतेय, चालवणारा तोच, आणि मी मात्र आकड्यांपुरता! त्यालाच विचार म्हणावं. पत्र वहीत घातलं. पुढं तिचं लग्न झाल्याचं ऐकलं. माझं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात छावणीत झीशान दिसला. दाढी पांढरी, गॉगल मात्र होता. चहा पिता पिता मी विचारलंच, "पुण्यात ती फियाट आतून टायर खायची ना?"

"कौनसी फियाट? वो तो सुकेशनी जाने के पहलेच भंगार में गई."

"मग तू पुण्याला..."

"मामू की दुकान पे था, दो महिने. एक बार मिली थी. तुम्हाराच पूछ रही थी. मैं बोला, मास्तर शर्मीला है, टायर की जबान में लिख, फौरन जवाब देंगा." तो थांबला. "दिया नै क्या?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"या अल्लाह!" झीशाननं कपाळाला हात लावला. "मुकुंदवाडी में रहती अब. घरवाला गुजर गया, अकेली है. रिक्षा बुलाऊं?"

"नको, नको... पत्र लिहितो."

"लिख. पन टायर-बियर मत लिख इस बार. सीधा लिख."

चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं —

"सुकेशनीबाई, तुमचं पत्र मला गाडीचं वाटलं. झीशानचा मला फार हेवा वाटायचा, म्हणून उत्तर दिलं नाही. तुम्ही मला आवडत होतात. आवडता. रविवारी सकाळी येऊ का? — अजिनाथ."

मुकुंदवाडी इथून रिक्षानं वीस मिनिटं. तरी पाकिटावर पिनकोड घातला, तिकीट दोनदा दाबून चिकटवलं. पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला आणि लगेच वाटलं, 'आवडता' एवढं खोडायला हवं होतं... पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. पोहोचली नाहीत.