फिल्टरशेजारची खुर्ची

दवाखान्यातली सगळ्यात अंधारी खुर्ची पाण्याच्या फिल्टरशेजारी होती. वरची ट्यूब बंद पडलेली. अर्धशिशीच्या पेशंटना ते बरंच वाटायचं, म्हणून कोणी ती बदलली नव्हती. त्या दिवशी तिथे एक तरुण डोळे मिटून बसला होता.

"ही जागा माझी आहे," कपाळ दाबत आलेली एक तरुणी म्हणाली... आणि लगेच ओशाळली.

त्यानं एक डोळा उघडला. "नाव लिहिलंय?"

"डोकं दुखत असलं की मला लिहिलेलं दिसत नाही."

तो हसला आणि शेजारच्या खुर्चीवर सरकला. त्याच्या अंगाला लाकडाच्या पॉलिशचा उग्र वास होता. ती दोन खुर्च्या लांब जाऊन बसली. भांडून मिळवलेली जागा मोकळीच राहिली.

ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. तिथली काळोखी खोली हाच तिचा आसरा. तो फर्निचर पॉलिश करायचा आणि कामाचा वास त्याच्याच डोक्यात जायचा. उपचार दोघांना एकच होता, महिन्यातून एकदा पोटावर, कातडीखाली टोचायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन. डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता सांगायच्या. दुखलं की घ्यायचं, असं हे औषध नाही. दुखण्याचा निरोप पोचवणारं एक रसायन शरीरात असतं, त्याला हे वाटेतच गाठतं. कोणाला भरपूर फरक पडतो, कोणाला थोडा, कोणाला काहीच नाही. तीन महिने घेऊन पाहू.

फ्रिजमधून काढलेलं इंजेक्शन अर्धा तास बाहेर ठेवायचं, नाहीतर जास्त झोंबतं. सिस्टर दोघांची खोकी ट्रेमध्ये मांडून जायच्या. तो अर्धा तास दोघांचा.

दुसऱ्या महिन्यात त्याला साबणाचा वास होता.

"आज कामाला सुट्टी?" तिनं विचारलं.

"नाही. आंघोळ करून आलो. तुम्ही दोन खुर्च्या लांब बसता, मग ओरडून बोलावं लागतं... आणि ओरडलेलं आपल्या दोघांनाही सोसत नाही."

ती एक खुर्ची जवळ आली.

त्या दिवशी तिनं त्याला घरचं टोपणनाव सांगितलं : बघू. कुठेही बोलावलं की ती "बघू" म्हणायची, म्हणून. सख्ख्या बहिणीच्या लग्नात ती डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन आतल्या खोलीत पडून होती. शब्द द्यायचा आणि डोक्यानं तो मोडायचा, असं इतक्यांदा झालं की तिनं शब्द देणंच सोडलं होतं.

तिसऱ्या महिन्यात दोघांचीही दुखणी विरळ झाली. आलीच तर पाहुण्यासारखी यायची आणि संध्याकाळी परत जायची. सिस्टर खूश झाल्या. त्यांनी इंजेक्शन स्वतः कसं टोचायचं ते शिकवलं आणि पुढच्या वेळेपासून घरीच घ्या म्हणाल्या. बरं झाल्याची बातमी इतक्या पडक्या चेहऱ्यानं ऐकणारे पेशंट त्यांनी पाहिले नसावेत.

जिन्यात तो थांबला. "रविवारी चहाला... याल?"

"बघ—" तिनं जीभ चावली. "येते" म्हणून जमलं नसतं, तर मोडलेल्या शब्दांत आणखी एकाची भर पडली असती. पण "बघू" म्हटलं असतं, तर जिना उतरला की सगळं संपलं असतं.

"येते," ती म्हणाली. "पाच वाजता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात."

रविवारी जाग आल्यावर तिनं बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. डोकं चाचपून पाहिलं. शांत होतं.

ती वेळेवर पोचली. चहा आला, गार झाला. मग मोबाइलवर त्याचा निरोप आला : "आजचा दिवस मोकळा मिळावा म्हणून काल दुप्पट पॉलिश केलं. डोकं उठलंय. माफ करा."

टेबलाच्या या, वाट पाहणाऱ्याच्या बाजूला ती पहिल्यांदाच बसली होती. आधी राग आला. तो फार टिकला नाही. तिनं पत्ता विचारला.

बेल न वाजवता तिनं दारावर नखानं टकटक केलं. त्याच्या आईनं दार उघडलं, तिला नीट न्याहाळलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "फिल्टरजवळची ती तूच का?"

खोलीत पडद्याच्या फटीतून उजेडाची रेघ थेट त्याच्या डोळ्यांवर येत होती. तिनं चिमटा लावून फट बंद केली आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसली.

"रागावलात?" तो पुटपुटला.

"हळू बोल. थोडी रागावले होते. आता सुटल्यासारखं वाटतंय."

"मी आडवा झालो म्हणून?"

"मला वाटायचं, येतो म्हणून न येणारं माणूस मनातून उतरतं." ती थांबली. "तू नाही उतरलास."

मग त्याचा हात अंधारात तिला शोधत आला.

"पुढच्या रविवारी?" तिनं विचारलं.

"बघू."

तिनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. त्याच्या बोटांना कालच्या पॉलिशचा वास होता. तिचं डोकं मात्र गप्प होतं. ती सरकली... या वेळी जवळ.