बिछान्याकडची खिडकी

हिल्मा लाहतीच्या अंगणातल्या जुन्या ट्रेलरला सात खिडक्या होत्या, त्यातल्या पाच आंधळ्या झाल्या होत्या. एकोणीसशे बहात्तर सालचा ट्रेलर. मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं घर. खिडक्या दुहेरी काचेच्या. कडेचं सील फुटलं की दोन काचांमधल्या बोटभर पोकळीत ओल शिरते. मग बाहेरून पुसा की आतून, धुकं हलत नाही. एकतीस वर्षं मी हेच काम करतोय, त्यामुळे यात मला नवल नव्हतं.

"घर विकलंय, शुक्रवारी किल्ल्या द्यायच्यात," हिल्मा म्हणाली. "शनिवारी हा ट्रेलर घेऊन मी ॲरिझोनाच्या वाटेवर. तेवढ्यात होईल का, की तुझ्या बापाला थडग्यातून बोलावू?"

"होईल, लाहतीबाई."

"बापाच्या हातात कसब होतं रे रायनो. तुला नुसती हत्यारं मिळाली."

हिल्मा चौऱ्याहत्तरची. गावात तिच्याशी कुणाचं फारसं पटत नसे, आणि तिलाही त्याची गरज वाटत नसे. तिचा नवरा एस्को शेवटची नऊ वर्षं याच ट्रेलरमध्ये राहिला होता, घरापासून चाळीस पावलांवर. भांडण कशावरून झालं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. फेब्रुवारीत तो गेला.

ऑक्टोबरचा मंगळवार होता. सरोवरावरून बोचरं वारं येत होतं. मी अंगणात सुताराच्या लाकडी घोड्यांवर फळी टाकली आणि खिडक्या एकेक करून उतरवल्या. चार नेहमीसारख्या निघाल्या. रबर भाजलेल्या सालीसारखं तुटत होतं, ओल शोषणारे दाणे चिखल झाले होते. काचा सुट्या केल्या, व्हिनेगरनं धुतल्या, कोरड्या केल्या, नवी पट्टी लावून पुन्हा बंद केल्या.

पाचवी बिछान्याकडची होती, घराच्या स्वयंपाकघरासमोर उघडणारी. तिचं सील मी भिंग लावून तपासलं. कुठेही फुटलेलं नव्हतं. दाणे हलवले तर खुळखुळले, अगदी कोरडे. तरीही काच दुधासारखी पांढरी होती.

पातं घालून कड उचलली, तेव्हा माझ्या मनगटावर कोमट हवा आली. तंबाखू आणि ओल्या लोकरीचा वास. बाहेर पाणी गोठायला आलं होतं.

मी ती हवा उन्हाच्या माथी मारली. ऊन नव्हतं. तीही धुऊन, नवी पट्टी लावून बंद केली.

बुधवारी सकाळी चार खिडक्या लख्ख होत्या. पाचवी पांढरी. मी चिडलो, स्वतःवरच. दोन्ही काचा फेकून दिल्या, नव्या कापल्या, नवे दाणे भरले, सील दोनदा ओढलं. दुपारी खिम्याचा मीटपाय खाऊन परत आलो तर काचेच्या मध्यावर ताटलीएवढं धुकं धरलं होतं. त्या धुक्यात एक कमान पुसलेली होती, तळहातानं पुसावी तशी. मी बाहेरून बोट फिरवलं, आतून फिरवलं. दोन्ही बाजू कोरड्या. पुसलेलं होतं ते मध्ये, जिथं कुणाचा हात जाऊ शकत नाही.

हिल्मा ट्रेलरच्या पायरीवर उभी होती.

"झालं नाही वाटतं?"

"इथं एस्को बसायचा का?"

"तू काच बसवायला आलास की चौकशी करायला?"

"काचेत काय आहे ते कळल्याशिवाय ती बसणार नाही."

ती पायरीवरून खाली उतरली. मग माझ्याकडे न पाहता बोलली, "नऊ वर्षं तिथं बसून माझ्या खिडकीकडे बघायचा. बोलायचा नाही. मीही नाही बोलले. थंडीत त्याच्या श्वासानं काच धुरकटायची. काच धुरकट म्हणजे म्हातारा जिवंत आहे, एवढं मला कळायचं."

"मग?"

"फेब्रुवारीत एक दिवस त्यानं काच पुसली आणि हात हलवला. 'ये' म्हणून."

"तुम्ही गेलात?"

"नऊ वर्षं नाही बोलावलंस, आता कशाला, म्हटलं. पडदा ओढून घेतला." तिनं शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं. "तीन दिवसांनी पडदा सारला, तेव्हा काच स्वच्छ होती."

मला तिथून निघून जायचं होतं. पण दिलेला शब्द आणि तिची जीभ, दोन्ही मला बांधून होते.

गुरुवारी मी तिसऱ्यांदा काचा बंद केल्या. सील सुकायला खिडकी फळीवर आडवी ठेवली आणि काच सपाट आहे का ते पाहायला वर पोलादी पट्टी ठेवली.

पट्टी हलली.

थंडी-उन्हानं बंद काच किंचित फुगते, किंचित बसते. पण त्याला तास लागतात. ही पट्टी मधोमध उचलली जात होती, पुन्हा टेकत होती. टक. थोडं थांबून, टक. मी घड्याळ काढलं. मिनिटाला चौदा, निवांत माणसाच्या श्वासाइतके.

घराचं दार वाजलं. हिल्मा अंगण ओलांडून येत होती.

टक, टक.

ती फळीशी येऊन उभी राहिली, तेव्हा ठोके इतके भराभर पडू लागले की मला मोजता येईनात.

"हा कसला आवाज?"

मी पट्टी उचलून खिशात घातली. "लाहतीबाई, इथं काच नको. पत्रा ठोकून देतो. भक्कम होईल."

"पत्रा? मी काय खोक्यात झोपू?"

"माझं ऐका. ट्रेलर इथंच सोडा. बसनं जा."

"तुला जमत नाही म्हणून मी माझं घर सोडू? बसव ती काच."

"यात कोणीतरी आहे."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "असू दे. नऊ वर्षं मला बघत बसला, आता बघू दे मी कुठं जाते ते. बसव."

मी आणखी बोलायला हवं होतं. पण तीन दिवस तिचे टोमणे ऐकून मी इतका कडवट झालो होतो, की मनात म्हटलं, घे मग. खिडकी उचलली. चौकटीत ती पहिल्याच खेपेला बसली. मी बाहेरून स्क्रू आवळू लागलो.

काच त्या वेळी पूर्ण स्वच्छ होती. पलीकडे ट्रेलरमध्ये हिल्मा बिछाना करून पाहत होती. उशी खिडकीशी ठेवून ती आडवी झाली, डोळे मिटले.

तिच्या कपाळासमोर काचेत नाण्याएवढं धुकं धरलं.

मी काचेवर थाप मारली. तिनं डोळे उघडले नाहीत.

धुकं खाली सरकलं. गालापाशी आलं. कानापाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"रायनो," ती आतून म्हणाली, आवाजात नेहमीचीच कुरकुर, "इथून अजून वारा येतोय बघ."

मी शेवटचा स्क्रू हातात धरून उभा होतो.

"गार नाही रे," ती म्हणाली. "कोमट."