रडू शेवटच्या रांगेपर्यंत

"आधी नाक पुसा!"

आवाज वरून आला. रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध मनसोक्त रडणारी ती दचकलीच. दुपारी तीनला नाट्यगृहात चिटपाखरूही नसतं, म्हणून तर ती रडायचा सराव करायला आली होती. मान वर केली तर उंच शिडीवर नाटकाचा लाइटवाला. एका हातात पाना, दुसऱ्या हातात दिवा आणि चेहऱ्यावर न मागता सल्ला देणाऱ्याचा आगाऊपणा.

"तुम्ही… केव्हापासून आहात इथे?"

"तुमचे बाबा तिसऱ्यांदा वारले तेव्हापासून."

तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. कारण परिस्थिती हसण्यासारखी नव्हतीच मुळी. तसं पाहिलं तर रडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कांदा नको, ग्लिसरीन नको. मंडळींनी तिचं नावच 'नळ' ठेवलं होतं. पण गंमत बघा, या खऱ्याखुऱ्या आसवांवर कुणाचा विश्वासच बसत नव्हता! नाटकात वारलेल्या बाबांच्या शर्टांच्या घड्या घालताना ती हमसून हमसून रडायला लागली, की बघणारे खाली माना घालून हसू दाबत. दिग्दर्शकांनी त्या दिवशी सकाळीच सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी रंगीत तालीम आहे, पाहुणे येणार आहेत. तेव्हा जमलं तर ठीक, नाहीतर भूमिका दुसरीला." सात वर्षं शेजारणी आणि मैत्रिणी करून मिळालेली ही पहिली मोठी भूमिका हातची जाणार होती.

"मी खोटं रडते का हो?" तिने विचारलं.

"छे! खरंच रडता. तीच तर पंचाईत आहे." तो शिडी उतरत म्हणाला. "मी बसतो शेवटच्या रांगेमागच्या खोलीत. तिथून अश्रू दिसत नाहीत. दिसतं एवढंच, की एक बाई सगळं दुःख स्वतःच संपवतेय… आमच्यासाठी काही ठेवतच नाही."

"मग काय करू?"

त्याने हातातला दिवा खाली ठेवला. "माझे बाबा गेले ना, त्यानंतर आई रडली नाही. सकाळी दूधवाला आला. त्याला म्हणाली, उद्यापासून अर्धा लिटर कमी टाका. अगदी सरळ आवाजात. आणि दार लावायला गेली, तर तिला कडी सापडेना. तीस वर्षांची कडी!" त्याने शिडी मिटली. "तुम्ही रडू नका. फक्त घडी नीट घाला."

मग रोज दुपारी तो शेवटच्या रांगेत बसू लागला आणि ती शर्टांशी झुंजू लागली. रडू आलं, की "कॉलर!" असं तो ओरडायचा.

"आज किती मार्क?" गुरुवारी तिने विचारलं.

"शर्टाला नऊ. तुम्हाला सात."

"आणि उरलेले तीन?"

"ते… इतक्या लांबून नाही देता येत."

ती लगबगीने शर्ट आवरू लागली. कान मात्र लालबुंद झाले होते.

शुक्रवारी नाट्यगृह भरलं. शेवटचा प्रवेश आला. पहिला शर्ट झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला रडू गळ्यापर्यंत आलं. तिने ते गिळलं आणि बाही सरळ केली. "हा तुम्हाला घट्टच व्हायचा, बाबा," ती सरळ आवाजात म्हणाली.

इथे अंधार व्हायचा होता. झालाच नाही! अकरा वर्षांत ज्याचा दिवा क्षणभरही मागेपुढे झाला नव्हता, तो आज चुकला होता. आता? बोलायला एकही वाक्य उरलं नव्हतं. तिने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा बोटांना कॉलरच सापडेना… आणि पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मग मधल्या रांगेत. मग अगदी मागे. हसलं कोणीच नाही. अंधार झाला तेव्हा टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी होतं.

"भूमिका तुझीच!" दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाले. "आणि त्या लाइटवाल्याला सांग, प्रयोगालाही एवढाच उशीर कर!"

पाहुणे पांगले तशी ती मेकअपसकट जिने चढून त्याच्या लाइटच्या खोलीत गेली. तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

"रडलात?"

"धूळ गेली."

"दोन्ही डोळ्यांत?… खरं सांगा, उशीर मुद्दाम केलात ना?"

"नाही हो. बोट बटणावरच होतं. पण तुमच्यावरचा उजेड घालवायला मनच होईना. तालमीत रोज घालवतो आणि रोज वाईट वाटतं… आज नाही जमलं."

"मग नको घालवूस," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"संहितेत तसं लिहिलंय—"

"ते नाटकापुरतं! मी माझ्याबद्दल बोलतेय, वेड्या. आवडतोस तू मला."

तो हळूच म्हणाला, "पुन्हा म्हण ना…"

तिने म्हटलं. आणि असं खणखणीत म्हटलं, की पार तिकडे रंगमंचावर शर्ट गोळा करणाऱ्या दिग्दर्शकांनीही मान वर करून पाहिलं.