पाणी फाकतं तिथे

तेल निघालं की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही हो. पाणी ओतून बघायचं. लोखंड स्वच्छ असेल तर पाणी सगळीकडे सारखं पसरतं. कुठे तेल राहिलं असेल तर तिथून फाकतं. मालवणात लाँचींची इंजिनं धुण्यात माझी उमर गेली, तेव्हा एवढं मला कुणी शिकवू नये.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढल्या वर्षी आमच्या लाँचींचा मालक हरिश्चंद्रशेट याने तिकडून एक इंजिन स्वस्तात आणलं. बुडालेल्या लाँचीतलं. ते ज्या नव्या लाँचीवर चढायचं होतं, तिचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, माझा धाकटा भाऊ महादू. म्हणून मी जरा जास्तच घासत होतो. आधी रॉकेलने धुतलं, मग पिंपात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळलं. वास असा की डोळ्यांना धार लागावी. भर दुपारी त्याचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, बाहेर काढलं आणि तांब्याने पाणी ओतलं.

पाणी पसरलं आणि मधोमध फाकलं. कोरडी राहिलेली जागा माणसाच्या पंजाएवढी होती. बोटंसुद्धा वेगळी दिसत होती.

पुन्हा उकळलं. वाळूने घासलं, राखेने घासलं. पंजा तसाच. खोटं कशाला सांगू, भीतीच्या आधी मला गंमतच वाटली. म्हटलं, आता हे काय आहे ते बघितल्याशिवाय जेवायचं नाही.

इतक्यात महादू आला. "दादा, काय बघतंस?"

मी दाखवलं, आणि दाखवताना पहिल्यांदा भीती वाटली. "ह्या लाँचीर तू जाव नको..."

तो हसला. "भूत आसलाच तर तेकाय जाळी ओढूक लावूया." मी हात धरायच्या आत त्याने आपला पंजा त्या पंजावर ठेवला.

मग मी पाणी ओतलं. ते सगळीकडे सारखं पसरलं.

"बघ, गेलो पंजो," महादू म्हणाला.

"गेलो... पण खंय?" मी विचारलं. तो तोवर इंजिन उचलायला माणसं बोलवायला गेला होता.

नारळी पुनवेनंतर लाँच दर्यात गेली आणि वादळात उलटली. बाकीच्यांना दुसऱ्या होड्यांनी ओढून काढलं. महादू सापडला नाही. आमची आये दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी तो चालत अंगणात आला. सदरा कोरडा, केस कोरडे.

आये रडत धावली आणि आत घेण्याआधी तिने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. पाणी दोन्ही बाजूंनी फाकून गेलं. पाय कोरडेच.

"आये..." मी म्हटलं.

तिनेही पाहिलं होतं. तिने तांब्या खाली ठेवला.

"तू कायएक बोलू नको," ती हलकेच म्हणाली. "घराक इलो मा? बस झाला." मग त्याच्याकडे वळून, "ये रे बाबा, पेज वाढतंय."

आये जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याला पेज मी वाढतो, आणि मीही काही विचारत नाही.